पी-०२०३ पुन्हा पुन्हा: घाटात मिसिंग, सपाटीला ठणठणीत

वाईच्या एका सरांची गाडी. सर पाचगणीच्या शाळेत शिकवतात, म्हणजे आठवड्यातले सहा दिवस पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. गाडी २०१३ची, पेट्रोलवरची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. तक्रार अशी की घाटात मध्येच गाडी थरथरायला लागते, पिकअप पडतो, चेक लाइट लुकलुकतो आणि दोन-तीन वळणं गेली की काही झालंच नाही अशी पुन्हा पळू लागते. वाईत किंवा सुरूरपर्यंत सपाटीला कितीही पळवा, एक झटका नाही.

माझ्याकडे येईपर्यंत चार महिने आणि तीन गॅरेजं झाली होती. चारही प्लग नवे होते. तीन नंबरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) नवी, तीन नंबरचा इंजेक्टरही (पेट्रोल फवारणारा) नवा. प्रत्येक ठिकाणी स्कॅनर लावला, कोड उडवला, एक पार्ट बदलला, आणि आठ-दहा दिवसांनी तोच कोड हजर: पी-०२०३. सोबत कधी कधी पी-०३०३. सर म्हणाले, "अरे, आता निदान खरं काय ते सांग, नाहीतर गाडी विकून टाकतो." मी त्यांना म्हटलं, सर, मी आज एकही पार्ट बदलणार नाही, फक्त बघणार आहे. गाडी चार दिवस ठेवावी लागेल.

या जातीचा फॉल्ट कसा धरायचा, ते या गाडीच्या निमित्ताने सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: हे सगळं साध्या पेट्रोल इंजिनाला लागू आहे, जिथे इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर, बसलेले असतात आणि १२ व्होल्टवर चालतात. डिझेलच्या कॉमन रेलला किंवा थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनाला यातली एकही चाचणी करू नका. तिथे इंजेक्टरला बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज जातं. माणसाला झटका बसतो आणि ईसीएमही, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जातो.

कोड काय म्हणतो ते आधी नीट वाचा. पी-०२०१ ते पी-०२०४ हे अनुक्रमे एक ते चार नंबरच्या इंजेक्टर सर्किटचे कोड. कोड इंजेक्टर खराब आहे असं म्हणत नाही. सर्किटमध्ये फ्यूज आला, रिले आला, प्लसची वायर, कपलरच्या (वायर जोडायच्या सॉकेटच्या) दोन पिना, इंजेक्टरची कॉइल, ईसीएमकडे जाणारी वायर, ईसीएमचा कपलर आणि ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालू-बंद करणारा स्विच, आला. यातलं काहीही तुटलं तरी कोड एकच. इंजेक्टरला प्लस कायम मिळतो आणि ईसीएम मायनसची बाजू चालू-बंद करून त्याला उघडतो, एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढचं सगळं सोपं होतं. पी-०३०३ मात्र नुसतं सांगतो की तीन नंबरमध्ये जाळ नीट लागला नाही, म्हणजे मिसिंग झालं. का लागला नाही, हे त्याला ठाऊक नसतं. दोन्ही कोड एकत्र आले की आधी पी-०२०३च्या मागे जायचं. आधीच्या गॅरेजांनी पी-०३०३ धरला, म्हणून प्लग आणि कॉइल बदलले गेले.

हा फरक स्कॅनरशिवायही कळू शकतो. कॉइल किंवा प्लग मेला तर पेट्रोल आत जातं पण जळत नाही, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा उग्र वास येतो. इंजेक्टरच उघडला नाही तर त्या सिलिंडरमधून नुसती हवा येते-जाते, वास तितका येत नाही. पण ती कोरी हवा ऑक्सिजन सेन्सरवर आदळते, ईसीएमला वाटतं मिश्रण पातळ झालं आणि तो बाकीच्या तीन सिलिंडरना पेट्रोल वाढवतो. सरांच्या गाडीत झटका आला की शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम त्या क्षणी किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा, २०च्या पुढे चढायचा. काही ईसीएम मात्र मिसिंग दिसलं की सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी त्या सिलिंडरचा इंजेक्टर स्वतःच बंद करतात. म्हणून एकट्या वासावर निकाल देऊ नका.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट, जी तीन वेळा पुसली गेली होती. कोड पडतो त्या क्षणी ईसीएम आजूबाजूची परिस्थिती साठवून ठेवतो. स्कॅनरवर ती फ्रीझ फ्रेम नावाने दिसते. कोड उडवला की तीही जाते. मी सरांना कोड न उडवता गाडी आणायला सांगितलं होतं. त्यात होतं: पाण्याचं तापमान ९४ अंश, २,३५० आरपीएम, वेग ताशी ३८ किलोमीटर, इंजिनावरचा लोड भरपूर. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये चढ. कोड उडवण्याआधी या पानाचा मोबाइलवर फोटो काढायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, मालकानेही आणि मेस्त्रीनेही. येता-जाता होणाऱ्या फॉल्टचा तेवढा एकच साक्षीदार असतो.

पहिल्या दिवशी मल्टिमीटर. गाडी थंड असताना चारही इंजेक्टरच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला: १२.३, १२.५, १२.४, १२.४ ओहम. या प्रकारच्या इंजेक्टरला साधारण ११ ते १७ ओहम बरोबर. इंजिन तापलं की आकडा वाढतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के चढतो, त्यामुळे २० अंशाला १२ ओहम दाखवणारी कॉइल ९० अंशाला १५च्या पुढे दाखवते. ते बघून इंजेक्टर फेकू नका. चारही एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. मग ईसीएमपासून कपलरपर्यंत तीन नंबरच्या वायरची कंटिन्युइटी, म्हणजे ती सलग आहे का, ते पाहिलं. मीटर टूँ वाजला, ०.३ ओहम. कागदावर सगळं ठीक.

इथेच बरेच जण फसतात. ओहम मोजताना मीटर वायरमधून जेमतेम मिलिअँपिअर सोडतो, आणि इंजेक्टर ओढतो सुमारे एक अँपिअर. वायरचे सगळे धागे आतून तुटलेले असले पण टोकं एकमेकांना टेकलेली असली, तरी गाडी उभी असताना मीटर खुशाल वाजतो. मीटरने 'ठीक' म्हटलं म्हणजे या क्षणाला, हलवाहलव न करता, नगण्य करंटला ठीक. घाटातल्या वळणावर काय होतं ते त्यात येत नाही.

दुसऱ्या दिवशी कपलरांची अदलाबदल केली. ही युक्ती फार जणांना माहीत नाही, आणि तिच्यात फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) उचलावी लागत नाही. वायर पुरत असेल तर शेजारच्या दोन इंजेक्टरचे कपलर आपसांत बदलायचे. मॅनिफोल्डमध्ये मारणाऱ्या इंजेक्टरला वेळ थोडी मागेपुढे झाली तरी इंजिन व्यवस्थित चालतं. मी दोन आणि तीनचे बदलले आणि सरांना म्हटलं, आज शाळेला याच गाडीने जा. दोषी इंजेक्टर असता तर मिसिंग तीन नंबरमध्येच राहिलं असतं आणि कोड पी-०२०२ झाला असता. संध्याकाळी गाडी आली तेव्हा कोड पी-०२०३च होता, पण मिसिंग दोन नंबरमध्ये, पी-०३०२. म्हणजे फॉल्ट तीन नंबरच्या वायरीत किंवा ईसीएममध्ये. नवा बसवलेला इंजेक्टर निर्दोष होता, आणि जुना फेकून दिलेलाही.

पाण्याचं तापमान ९४ अंश वाचून माझ्या डोक्यात उष्णता बसली होती. इंजिन गरम झालं की काहीतरी सुटतंय, असं धरून मी तिसरा अख्खा दिवस हेअर ड्रायरने कपलर, वायरिंग आणि ईसीएमचं कव्हर तापवण्यात घालवला. काहीही झालं नाही. चूक कुठे झाली ते रात्री जेवताना लक्षात आलं. सुरूरला जाताना, साताऱ्याच्या रस्त्यालाही पाणी ९४ अंशच असतं. तिथे झटका येत नाही. घाटात आणि सपाटीत फरक तापमानाचा नाही, लोडचा आहे. आणि लोड आला की इंजिन हलतं.

आडवं बसवलेलं, पुढची चाकं ओढणारं इंजिन पुढच्या गिअरमध्ये जोर लावतं तेव्हा त्याचा माथा मागे, डॅशबोर्डच्या बाजूला झुकतो. रिव्हर्समध्ये पुढे झुकतो. इंजेक्टर इंजिनावर असतात, ईसीएम बॉडीवर. मधली वायर प्रत्येक चढाला थोडी ओढली जाते, थोडी वाकते. सपाटीला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिन इतकं झुकतच नाही. फ्रीझ फ्रेममध्ये हे सगळं लिहिलेलं होतं, मी चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी एलईडी लावले. ही माझी आवडती चाचणी आहे, खर्च वीस-तीस रुपयांचा. दोन एलईडी घेतले, एक लाल, एक हिरवा. प्रत्येकाला सिरीजमध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर आणि एक वन-एन-४००७ डायोड. डायोड टाळू नका. इंजेक्टर बंद होताना त्याची कॉइल उलटा झटका मारते, मायनसच्या वायरवर क्षणभर ६० व्होल्ट किंवा त्याहून जास्त येतात, आणि एलईडी उलटे पाच व्होल्टही धड सहन करत नाही. दोन्ही एलईडींचा प्लस बॅटरीच्या प्लसला. लालचा मायनस ईसीएमच्या कपलरमागून, तीन नंबरच्या पिनेला बारीक पिन लावून. हिरव्याचा मायनस इंजेक्टरच्या कपलरमागून, त्याच वायरला. दोन्ही एलईडी लांब वायरीने केबिनमध्ये आणले.

आता गणित सरळ आहे. मिसिंगच्या वेळी दोन्ही लुकलुकत राहिले तर ईसीएम हुकूम देतोय आणि तो इंजेक्टरपर्यंत पोचतोय, मग त्या कपलरच्या प्लसच्या बाजूला शोधायचं. दोन्ही विझले तर ईसीएमच हुकूम देत नाही. लाल चालू आणि हिरवा बंद, तर मधली वायर. एक सावधगिरी: असे एलईडी जोडलेले असताना पी-०२०३ पडेलच असं नाही. एलईडीतून ईसीएमच्या पिनेला व्होल्टेज मिळत राहतं, त्यामुळे सर्किट तुटल्याचं त्याला कळत नाही. कोडची वाट बघू नका, दिव्यांकडे बघा.

आयडलला, ८०० आरपीएमला, इंजेक्टर सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो, लुकलुक स्पष्ट दिसते. घाटात २,४०० आरपीएमला ती सेकंदाला वीस वेळा होते, डोळ्याला दिवा जवळजवळ सलग दिसतो. म्हणून शेजारी बसलेल्याने फक्त 'विझला का' एवढंच पाहायचं, आणि चालवणाऱ्याने फक्त रस्ता. सकाळी सातला मी आणि आमचा मदतनीस पोरगा निघालो. हॅरिसन फॉलीच्या खालच्या एका चढाच्या वळणावर गाडी थरथरली आणि पोरगा ओरडला, "दादा, हिरवा गेला! लाल हाये!"

चार महिन्यांचं कोडं तिथे एका वायरीवर आलं.

गॅरेजमध्ये परत आलो. चाकांना लाकडी ओंडके, हँडब्रेक वर, पाय ब्रेकवर, गाडीच्या पुढे-मागे कोणी नाही. पोराने पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडला, इंजिन मागे झुकलं, हिरवा विझला. रिव्हर्समध्ये क्लच सोडला, इंजिन पुढे झुकलं, हिरवा चालू. पुन्हा पहिला, पुन्हा विझला. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. इंजिनाचं झुकणं आवरणाऱ्या, इंजिनाखालच्या टॉर्क रॉडचा बुश फाटलेला होता, त्यामुळे इंजिन हवं त्यापेक्षा जास्तच झुकत होतं. मग गिअर न्यूट्रलला टाकून, बाह्या दुमडून, बेल्ट आणि फॅनपासून हात लांब ठेवून आयडलला वायरिंग थोडं थोडं हलवत गेलो. बॅटरीच्या ट्रेमागे, जिथे लूम (वायरींचा जुडगा) इंजिनावरून बॉडीकडे उडी मारतो, तिथे बोट लावलं की हिरवा जायचा.

खात्रीसाठी बल्बची चाचणी केली. चावी बंद, बॅटरीचा मायनस काढलेला, ईसीएमचा आणि इंजेक्टरचा असे दोन्ही कपलर निघालेले. मग तीच वायर एका सुट्या १२ व्होल्ट बॅटरीला आणि इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला मालिकेत जोडली. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, इंजेक्टरपेक्षा थोडा जास्तच, त्यामुळे वायरचा खरा कस लागतो. बल्ब आधीच मंद होता आणि वायर वाकवली की विझत होता. मीटरने त्याच वायरला ०.३ ओहम दाखवले होते. ईसीएमचा कपलर जोडलेला असताना ही चाचणी चुकूनही करू नका, ड्रायव्हर जळतो.

टेप सोडवली. काळ्या टेपचा गोंद वितळून चिकट झालेला, आणि खाली चारही इंजेक्टरच्या वायरींना जोड. कंपनीच्या लूममध्ये तिथे जोड नसतो. मग उलगडा झाला. आधीच्या मालकाने गाडीला सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं होतं आणि विकताना काढून घेतलं होतं. असं किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून गॅसच्या ईसीएममधून फिरवतात, म्हणजे गाडी गॅसवर असताना पेट्रोल इंजेक्टर बंद राहतात आणि मूळ ईसीएमला मात्र लोड लागलेला दिसत राहतो, तो कोड टाकत नाही. किट काढलं की त्या वायरी परत जोडायच्या. जोडणाऱ्याने नुसत्या पिळून सोडल्या नव्हत्या, चांगलं सोल्डर केलं होतं. सोल्डर आजही चमकत होता. वायर तुटली होती जोडात नाही, जोडाच्या अर्धा सेंटिमीटर पुढे, जिथे धाग्यांत शोषलेला सोल्डर संपतो. तिथपर्यंत वायर काडीसारखी कडक आणि तिथून पुढे मऊ. इंजिन झुकलं की नेमकी त्या सीमेवर वाकणार. वर्षानुवर्षे वाकून एकेक धागा गेला, पावसाळ्याची ओल आत शिरली, टोकांवर हिरवी भुकटी धरली, आणि इन्सुलेशनच्या नळीत दोन टोकं एकमेकांना टेकून बसली.

इनटेक मॅनिफोल्डवर गॅसच्या नोझलची चार भोकं स्क्रूने बुजवलेली होती. ती पहिल्या दिवशी पाहिली असती तर तीन दिवस वाचले असते. सेकंडहँड गाडीत इंजेक्टरचा कोड आला तर ही भोकं, डिकीच्या तळाला सिलिंडरच्या पट्ट्यांची भोकं, आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजी लिहिलेलं आहे का, हे तीन ठिकाणी बघून घ्या. किट अजून बसलेलंच असेल तर पहिला संशय त्याच जोडांवर घ्या.

दुरुस्ती करताना जुना जोड पूर्ण कापून काढला आणि मूळ जाडीच्या वायरचा नवा तुकडा टाकला, थोडा ढिला, झुकण्याला वाव ठेवून. दोन्ही बाजूंचे जोड हलणाऱ्या भागापासून लांब, एक इंजिनावर आणि एक बॉडीवर. इंजिन बेमध्ये मी सोल्डरपेक्षा चांगल्या टूलने क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला) जोड पसंत करतो, वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. सोल्डरच करायचा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजू क्लिपने बांधा, म्हणजे वाक त्या कडक टोकावर येणार नाही. चारही जोड एकाच जागी आणू नका, पुढेमागे ठेवा. आणि शोधताना वायरीच्या इन्सुलेशनला सुई टोचू नका. टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच हिरवं होतं.

तुमचा फॉल्ट असाच असेल असं नाही. चारही कोड एकत्र पडले तर वायर शोधत बसू नका, फ्यूज, मेन रिले आणि सगळ्यांचा सामायिक प्लस बघा. कपलर हलवल्यावर मिसिंग होत असेल तर फीमेल पिन सैल झालेली असते. बहुतेक वेळा कोणीतरी मीटरचा जाड प्रोब आत खुपसून ती पसरवलेली असते. त्याच मापाची सुटी मेल पिन आत घालून बघा, ओढताना जराही अडकली नाही तर पिन बदला. गाडी आठवडाभर उभी राहिल्यानंतर फॉल्ट सुरू झाला असेल तर उंदीर, विशेषतः पावसाळ्यात. आणि चेक लाइट लुकलुकत असताना जोरात दामटू नका, अॅक्सिलरेटर हलका करा, कन्व्हर्टर महाग असतो.

उरलेले तिन्ही जोडही त्याच दिवशी उघडले. एक नंबरचे सगळे धागे शाबूत होते, चारचे चार-पाच तुटलेले, दोन नंबरचे जेमतेम तीन धागे उरले होते. टॉर्क रॉड बदलला. एलईडी तसेच ठेवून पसरणी घाट दोनदा चढलो, हिरवा एकदाही गेला नाही. मग एलईडी काढले, कोड उडवले आणि गाडी सरांना दिली. तुटलेला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, तो ते वर्गात पोरांना दाखवायला घेऊन गेले. आता पाच महिने झाले, दर महिन्याला स्कॅनर लावतो. पी-०२०३ आलेला नाही.